डोंगरात कोरलेले घर आणि पाण्याचा हिशेब

जमिनीच्या पोटात किंवा डोंगराच्या आडोशाला राहण्याची जागा करायची, पावसाचे पाणी साठवून वर्षभर पुरवायचे आणि उजेड-वारा निसर्गाकडूनच घ्यायचा, या तत्त्वावर उभ्या राहिलेल्या घराला भूआश्रित घर म्हणतात. मुंबईच्या उपनगरांत अशी एक वस्ती सुमारे हजार वर्षे नांदत होती. बोरिवलीच्या पूर्वेला, आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीच्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास येथे कोरीवकाम सुरू झाले आणि दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत बौद्ध भिक्खूंचा येथे राबता होता.

लेणी म्हटली की चैत्य, स्तूप आणि मूर्ती आठवतात. कान्हेरीत हे सारे आहेच. सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीच्या काळात कोरलेला क्रमांक ३ चा महाचैत्य कोकणातील श्रेष्ठ कलाकृतींत मोडतो. पण डोंगरातील बहुतेक लेणी म्हणजे विहार, अर्थात राहती घरे आहेत. वीज, नळ, सरपणाची वखार यांपैकी काहीही नसताना अतिवृष्टीच्या प्रदेशात माणसे डोंगराच्या आत कशी राहिली, याचा इतका मोठा आणि टिकून राहिलेला पुरावा भारतात थोड्याच ठिकाणी आहे. या पुराव्यातून निघणारा निष्कर्ष असा : कोकणात जमिनीच्या आडचे घर पाण्याच्या व्यवस्थेवर टिकते किंवा पडते, आणि ती व्यवस्था एकट्यादुकट्याच्या आवाक्यातली नसते.

मातीचा आडोसा काय देतो

दिवसभराच्या तापण्या-निवण्याचा परिणाम जमिनीत अर्धा ते एक मीटर खोलीपर्यंत पोहोचता पोहोचता विरून जातो. ऋतूंचा परिणाम आणखी खोल जातो. पण पाच-दहा मीटरांखाली तोही जवळजवळ थांबतो. त्या खोलीवर जमिनीचे तापमान बारमाही एकच राहते आणि ते त्या जागेच्या हवेच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या आसपास असते. भूआश्रित घराला मिळणारा मुख्य लाभ हाच. बाहेर कडाक्याची थंडी असो वा होरपळ, आत मध्यम हवामान राहते आणि इंधनाचा खर्च वाचतो.

जगातील प्रसिद्ध भूआश्रित वस्त्या या लाभावर उभ्या आहेत. चीनच्या लोएस पठारावरील याओदोंग नावाची गुहाघरे, ट्युनिशियातील मातमाता येथील खड्ड्यांभोवती कोरलेली घरे, ऑस्ट्रेलियातील कूबर पेडी हे खाणकामगारांचे भूमिगत गाव, ही त्याची उदाहरणे. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत अशा घरांची चळवळच उभी राहिली. न्यू मेक्सिकोतील टाऊस येथे मायकेल रेनॉल्ड्स या वास्तुरचनाकाराने जुन्या टायरांत माती ठासून भिंती रचल्या, छतावरचे पाणी टाक्यांत उतरवले आणि सूर्यप्रकाशावर वीज व ऊब मिळवली. त्या घरांना ‘अर्थशिप’ हे नाव पडले. या सर्व ठिकाणी पाऊस मुंबईच्या मानाने थोडा आणि थंडी-उन्हातील तफावत मात्र मोठी आहे.

मुंबईत चित्र उलटे आहे. येथील वार्षिक सरासरी तापमान सुमारे २७ अंश सेल्सिअस, आणि जानेवारी व मे महिन्यांच्या सरासरीत फरक जेमतेम पाच-सहा अंशांचा. म्हणजे खोल जमिनीतही २७ अंशच मिळणार. त्यातून मोठा गारवा साधत नाही. हाच आडोसा नागपुरात घेतला तर मे महिन्यातील ४३ अंशांच्या दुपारीही तो चांगलाच जाणवेल. मराठवाड्यात आणि खानदेशात जाड मातीच्या छपराची धाब्याची घरे रुजली, कोकणात मात्र उतरत्या छपराची, याचे एक कारण यातच आहे.

कोकणात त्रास असतो तो दमटपणाचा. जुलैत सांताक्रूझच्या हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांपर्यंत चढतो. भिंत त्याहून थोडी जरी गार झाली तरी हवेतील बाष्प तिच्यावर पाणी होऊन बसते. वारा खेळत नसेल तर भिंतींना ओल, कपड्यांना वास आणि कागदाला बुरशी ठरलेलीच. शिवाय जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. २६ जुलै २००५ या एका दिवसात सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटरची नोंद झाली होती. अशा प्रदेशात जमिनीच्या आत राहायचे तर गारव्याआधी पाण्याचा आणि वाऱ्याचा विचार करावा लागतो. कान्हेरीच्या पाथरवटांनी तो केला होता.

एक विहार जवळून

कान्हेरीतील लहान विहारांचा आराखडा बहुतांशी सारखा आहे. ओढ्याच्या दोन्ही अंगांना कातळ वर चढत जातो आणि त्यात कोरलेल्या पायऱ्या एका लेण्यावरून दुसऱ्या लेण्याकडे नेतात. पायऱ्या चढून गेले की छोटे मोकळे अंगण लागते. त्यापुढे दोन खांबांची ओसरी, ओसरीमागे चौकोनी दालन आणि दालनाला लागून निजायची एक खोली. दालनाच्या भिंतीला धरून दगडी कट्टा सोडलेला असतो, खोलीत निजण्यासाठी ओटा असतो. दाराच्या चौकटी लाकडी होत्या. त्या बसवण्याच्या खाचा आजही दिसतात. काही दालनांच्या दर्शनी भिंतीत दगडी जाळ्यांच्या खिडक्या आहेत.

घराची खोली बेताची ठेवली आहे, ही या आराखड्यातील मर्माची गोष्ट. डोंगर खोल आहे म्हणून आतआत भुयार खणत नेलेले नाही. दारातून येणारा उजेड मागच्या भिंतीपर्यंत पोहोचावा आणि वारा दालनात फिरून बाहेर पडावा, इतपतच कातळ काढला आहे. दुपारच्या उन्हापासून ओसरी वाचवते, माथ्यावरचा जाड खडक तापत नाही, आणि पुढचा भाग मोकळा असल्याने ओल साठून राहत नाही. उंचावरच्या कातळात बसण्यासाठी बाक कोरले आहेत. संध्याकाळी पश्चिमेचा वारा घ्यायला ते सोयीचे पडत असणार.

आता पाण्याचा मार्ग पाहावा. पाऊस माथ्यावरच्या उघड्या कातळावर पडतो आणि उतारावरून थेट दर्शनी भागावर येऊ पाहतो. तो ओसरीत ओघळू नये म्हणून लेण्याच्या कपाळावर आडव्या पन्हळी कोरल्या आहेत. त्या पाणी बाजूला वळवतात. अंगणाच्या कडेला, बहुधा एका कोनाड्यात, टाके असते. त्याचे तोंड लहान आणि पोट कातळाच्या आत पसरलेले. पन्हळीचे पाणी त्यात उतरते, टाके भरले की जास्तीचे पाणी पायऱ्यांलगतच्या चरातून खालच्या ओढ्याकडे निघून जाते. अंगणाच्या फरशीत खांब रोवण्याची गोल भोके आहेत. पावसाळ्यात त्यांत लाकडी खांब उभे करून पुढे मांडव घालत असावेत. दगड, पाणी आणि लाकूड यांची ही सांगड एकाच अंगणात उभे राहून पूर्ण न्याहाळता येते.

खाली ओढ्यावर जुन्या दगडी बंधाऱ्याचे अवशेष आहेत. म्हणजे घरोघरचे टाके आणि सर्वांचा बंधारा अशी दुहेरी योजना होती. प्रत्येक घराने आपले पाणी साठवावे, आणि त्यातून सुटलेले पाणी वस्तीने अडवावे, असा तिचा क्रम दिसतो.

पाण्याचा हिशेब

एका टाक्यात किती भागत असेल, याचा अंदाज साध्या गणिताने बांधता येतो. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि १.६ मीटर खोल टाक्यात ४,८०० लिटर पाणी मावते. ऑक्टोबर ते मे हे कोरडे आठ महिने म्हणजे सुमारे २४० दिवस. दिवसाला वीस लिटर धरले तर हे पाणी एका माणसाला बरोबर पुरते. ते भरायला कातळाचे फार मोठे क्षेत्रही लागत नाही. दोन हजार मिलिमीटर पाऊस झाला की दर चौरस मीटरवर दोन हजार लिटर पाणी पडते. त्यातले एक तृतीयांश वाया गेले असे मानले तरी चार चौरस मीटर कातळावर टाके भरून वाहील.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. कोकणात पाणी मिळवणे अवघड नाही, ते आठ महिने राखणे अवघड आहे. म्हणून टाक्याचे तोंड लहान, पोट सावलीत आणि तळ अभंग कातळाचा. आणि दुसरे असे, की ज्या घराला टाके नाही ते बारमाही घर होऊ शकत नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात सूरज पंडित यांच्या अभ्यासगटाला सात लेणी सापडल्याचे २०१७ च्या सुरुवातीला जाहीर झाले. मुख्य समूहातील विहारांना असतात तशी पाण्याची टाकी त्यांना नाहीत. ती पावसाळ्यातील निवासासाठी, म्हणजे वर्षावासासाठी वापरली जात असावीत, असे अभ्यासक मानतात. वर्षावास हा भिक्खूंचा जुना नियम. पावसाळ्यात फिरती बंद ठेवून एका जागी राहायचे. तेवढ्यापुरता आडोसा पुरतो, कारण पाणी दारातच वाहत असते. त्या आडोशाचे बारमाही घर झाले ते टाक्यामुळे.

टाक्याला त्या काळी किती मान होता हे कान्हेरीच्या शिलालेखांतून कळते. येथील लेखांचा सविस्तर अभ्यास पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या शोभना गोखले यांनी केला. लेण्याच्या दानाइतकेच पाण्याच्या टाक्याचे, म्हणजे प्राकृतातील ‘पोढी’चे, दान लोक अभिमानाने कोरून ठेवत. सातवाहनांच्या इतिहासातील एक महत्त्वाचा दुवा अशाच एका टाक्यावरील लेखात मिळाला. वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक घराण्यातील एका महाक्षत्रपाची मुलगी होती, हे त्या संस्कृत लेखातून समजते. तो महाक्षत्रप बहुधा रुद्रदामन असावा. एकमेकांशी लढणारी दोन राजघराणी सोयरिकीने जोडलेली होती, हे आपल्याला माहीत आहे ते शतेरक नावाच्या अमात्याने दान दिलेल्या पाण्याच्या टाक्यामुळे.

स्वावलंबनाच्या सीमा

पाणी, निवारा, उजेड आणि हवा या चार बाबतींत कान्हेरीची वस्ती स्वयंपूर्ण होती. इंधनाची गरज तिने नियमांनीच कमी केली होती. भिक्खूंनी दुपारनंतर अन्न घ्यायचे नाही आणि शिजलेले अन्न भिक्षेतून मिळवायचे, असा विनयाचा, म्हणजे भिक्खुसंघाच्या नियमांचा, दंडक आहे. म्हणजे घरोघरी चूल पेटवण्याचा प्रश्न फारसा उरत नव्हता. राहणी साधी असेल तर बाहेरून आणावे लागणारे सामान किती घटते, याचा हा नमुना आहे.

अन्न आणि वस्त्र मात्र बाहेरूनच येत होते, आणि ते बिनबोभाट यावे अशी पक्की व्यवस्था होती. कल्याण, सोपारा ही बंदरे जवळ होती. तेथील व्यापारी, सोनार, लोहार, गृहस्थ, भिक्खू आणि भिक्खुणी यांची नावे कान्हेरीच्या लेखांत दाते म्हणून येतात. रोख रक्कम कायम ठेव म्हणून ठेवायची आणि तिच्या व्याजातून भिक्खूंचे कपडे व इतर गरजा भागवायच्या, या पद्धतीला अक्षयनीवी म्हणत. अशा ठेवीचे गणित नाशिकच्या पांडवलेण्यातील उषवदात नावाच्या दात्याच्या लेखात स्वच्छ दिले आहे. दोन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे व्यवसायसंघाकडे, दरमहा एक टक्का व्याजाने ठेवले होते. वर्षाचे व्याज २४० कार्षापण, त्यातून वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी. मूळ रकमेला हात लावायचा नाही, अशी अट होती.

कान्हेरीला शेतजमिनीही मिळाल्या. एका लेखात मंगलस्थान गावातील शेताचे दान आहे. ते गाव म्हणजे बोरिवलीतील आजचे मागाठाणे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या अमलाखाली शिलाहार घराणे कोकणावर राज्य करीत असताना, गौड देशातून म्हणजे बंगालकडून आलेल्या एका उपासकाने येथे शंभर द्रम्मांची ठेव ठेवली. त्या काळातील लेखांत वस्त्रांबरोबर ग्रंथांच्या खर्चाचीही तरतूद आढळते.

म्हणून कान्हेरीला जगापासून तुटलेल्या माणसांची वस्ती म्हणणे चुकीचे ठरेल. ज्या गोष्टी जागेवर मिळतात त्या जागेवरच मिळवायच्या, आणि ज्या मिळत नाहीत त्यांच्यासाठी शेजाऱ्यांशी दीर्घ मुदतीचा, लेखी, व्याजासहित करार करायचा, असे येथील स्वावलंबनाचे रूप होते. बंदरांचा व्यापार आणि राजाश्रय ओसरला तशी ही वस्तीही उतरणीला लागली. टाकी मात्र शाबूत राहिली.

शेजारची लेणी, शेजारची घरे

खडकाची जात बदलली की घराचे आयुष्य बदलते. अंधेरी पूर्वेची महाकाली, म्हणजे कोंडिविटे येथील एकोणीस लेणी, ज्वालामुखीच्या उद्रेकात तुकडे सांधून बनलेल्या खडकात कोरली आहेत. तो खडक झिजतो, खपल्या सोडतो. त्यामुळे तेथील भिंती आणि लेख पुष्कळ खराब झाले आहेत. येथील चैत्यलेण्यात स्तूपाभोवती गोल भिंत आणि वर घुमट कोरून गवताने शाकारलेल्या झोपडीचा आकार दिला आहे. भिंतीला जाळीच्या खिडक्याही आहेत. कातळ कोरणाऱ्यांसमोर राहत्या घराचा आदर्श गवती झोपडीचाच होता, हे यातून दिसते.

ते हलके घर उपनगरांत आजही आहे. राष्ट्रीय उद्यानातील आणि आरेतील पाड्यांवर वारली कुटुंबांची पारंपरिक घरे कुडाची असतात. कारवीच्या काठ्यांच्या भिंती, त्यांवर माती-शेणाचा लेप, वर उतरते छप्पर. भिंतीतून वारा झिरपतो, ओल लवकर वाळते, आणि झिजलेला लेप दरवर्षी घरच्या घरी नव्याने देता येतो. दमट हवेला कुडाचे घर लेण्याइतकेच योग्य उत्तर देते. फरक भांडवलाचा आहे. लेण्याला आरंभी मोठा खर्च, अनेक महिन्यांचे पाथरवटी काम आणि दाता लागतो. पुढे शतकानुशतके डागडुजी थोडी. कुडाच्या घराला आरंभी थोडके साहित्य आणि दर उन्हाळ्यात हातांचे काम लागते.

ओल्या मातीचा धोका

डोंगराच्या आत राहणे आणि डोंगराच्या मातीत राहणे यांत जीवघेणा फरक आहे. कान्हेरीची घरे अभंग कातळात आहेत. उपनगरांतील टेकड्यांच्या उतारांवर कातळाच्या वर मुरूम आणि मातीचा थर असतो. पावसात तो पाणी शोषून जड होतो, कणांची पकड सुटते आणि सगळा उतार सरकतो. १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझाद नगरमध्ये टेकडीचा भाग वस्तीवर कोसळला आणि साठाहून अधिक माणसे दगावली. १८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूरच्या भारत नगरमध्ये उतारावरील संरक्षक भिंत घरांवर पडली आणि पुन्हा जीव गेले. या वस्त्या तेथे राहणाऱ्यांनी हौसेने निवडलेल्या नव्हत्या. परवडणारी दुसरी जागा नसल्याने लोकांना डोंगर पोखरून राहावे लागले. पाण्याला वाट काढून देण्याचे काम मात्र कोणी केले नाही.

ओल्या जमिनीचा अनुभव देशावरही आहे. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवण्यासाठी जमिनीत पेवे खणण्याची जुनी चाल होती. वरून तोंड लहान, खाली पोट मोठे. आत हवा कोंडलेली असल्याने हळदीला कीड लागत नसे. कोरड्या जमिनीत ही साठवण उत्तम चालली. २००५ च्या कृष्णेच्या महापुरात पेवांत पाणी शिरून त्यांची मोठी हानी झाली. जमिनीच्या पोटातील कोणत्याही साठ्याची किंवा घराची मर्यादा पाण्याची पातळीच ठरवते.

नव्या बांधकामासाठी

कान्हेरीचा डोंगर राष्ट्रीय उद्यानात आहे आणि लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. तेथे नवे घर होणार नाही, होऊही नये. पण कोकणात इतरत्र उतारावर घर बांधताना येथील शहाणपण वापरता येते.

छतावर माती टाकायची तर आधी वजनाचा विचार हवा. ओल्या मातीचे वजन घनमीटरला दोन टनांच्या घरात जाते. अर्धा मीटर माती म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे एक टन भार. वापरत्या गच्चीसाठी नेहमी धरला जाणारा वापराचा भार याच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतकाच असतो. म्हणून कोकणात जाड मातीचे छत टाळून, मागची बाजू कातळाला टेकवून आणि पुढची बाजू पूर्ण मोकळी ठेवून बांधलेले घर जास्त सुरक्षित व स्वस्त पडते. मागच्या भिंतीआड खडी भरलेला चर हवा आणि त्याला उताराकडे वाहून जाण्याची वाट हवी. भिंतीवरचा लेप पाण्याला फार काळ थोपवू शकत नाही. पाणी भिंतीपर्यंत पोहोचूच न देणे हाच खरा उपाय. समोरासमोर झरोके ठेवून हवा आरपार खेळवावी. आणि घराचा नकाशा काढण्याआधी टाक्याची जागा ठरवावी.

शहरातील इमारतींनाही यातला पाण्याचा भाग लागू होतो. बृहन्मुंबई महानगरपालिकेने २००२ मध्ये एक हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना पर्जन्यजल संकलन सक्तीचे केले आणि २००७ मध्ये ही मर्यादा तीनशे चौरस मीटरपर्यंत खाली आणली. मुंबईला नळाचे पहिले पाणी मिळाले तेही याच डोंगरांतून : विहार तलाव १८६० साली आणि तुळशी तलाव १८७९ साली पुरा झाला. पुढे तानसा, वैतरणा, भातसा असे लांबचे स्रोत जोडले गेले आणि छतावरचे पाणी गटारात जाऊ लागले. एका सोसायटीच्या पाचशे चौरस मीटर गच्चीवर पावसाळ्यात दहा लाख लिटरांहून अधिक पाणी पडते. ते सगळे साठवायला जागा नसते. पण झाडे, धुणीभांडी आणि शौचालये यांच्यापुरते काही आठवड्यांचे पाणी राखणे आणि उरलेले विहिरीत व जमिनीत मुरवणे कोणत्याही सोसायटीला जमण्यासारखे आहे. त्यासाठी टाकी बांधणे पुरत नाही. पावसाळ्याआधी गच्ची झाडायची कोणी, जाळ्या साफ करायच्या कोणी आणि खर्च कोणत्या निधीतून करायचा, हे आधी ठरलेले असावे लागते. कान्हेरीत ही जबाबदारी भिक्खुसंघाने आणि त्याच्या अक्षय ठेवींनी उचलली. सोसायटीत ती सर्वसाधारण सभेने ठराव करून उचलायची आहे.